बेचाळीस किलोमीटर आणि वरचे १९५ मीटर

डिसेंबरातल्या कुठल्याही रविवारी पहाटे पाचला मरीन ड्राइव्हवर जा. दिवे अजून मालवलेले नसतात, समुद्र काळाच असतो आणि कठड्याच्या कडेने बुटांचा टप-टप आवाज चाललेला असतो. कुणाच्या कमरेला पाण्याच्या बाटलीचा पट्टा, कुणाच्या मुठीत खजुराची पुडी. ही जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी. यातल्या कित्येकांना दोन आकडे तोंडपाठ असतात: आजवर किती किलोमीटर झाले आणि आजवर किती रुपये जमले.

मीही त्यांतलीच एक. माझी पहिली मॅरेथॉन मी मुंबईतल्या एका रात्रशाळेसाठी धावले. दिवसभर दुकानात, कॅन्टीनमध्ये राबणारी, पार्सलांच्या थैल्या वाहणारी मुलं संध्याकाळी साडेसहाला तिथे वर्गात येऊन बसतात. बहुतेकांच्या पोटात दुपारनंतर काही गेलेलं नसतं. त्यांच्या संध्याकाळच्या खाऊसाठी पैसे उभे करायचे होते. त्या पाच महिन्यांत पाय कमावता कमावता जे वाचलं, ऐकलं आणि अंगावर घेतलं, त्यातल्या निवडक गोष्टींची ही शिदोरी.

१. बडीशेपेचं रान

मॅरेथॉन हे ग्रीसमधल्या एका जागेचं नाव, आणि जुन्या ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ आहे बडीशेप! बडीशेप माजलेलं ते रान. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये तिथे अथेन्सने इराणी फौजेला हरवलं. विजयाची बातमी घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धावला आणि बातमी सांगून त्याने प्राण सोडला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ती कागदावर आली मात्र कित्येक शतकांनी.

त्या काळाच्या जवळचा इतिहासकार हिरोडोटस वेगळंच सांगतो. त्याचा फिडिपिडीस लढाईच्या आधी धावला, अथेन्सहून स्पार्टाला, सुमारे २४० किलोमीटर. कशासाठी? मदत मागायला. दुसऱ्या दिवशी तो पोहोचलाही. स्पार्टाच्या लोकांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, येतो, पण पौर्णिमा झाल्यावर. बिचारे आलेही, पण लढाई संपल्यावर.

वर्गणी मागायला निघालेल्या प्रत्येकाने ही गोष्ट मनात ठेवावी. 'पगार झाला की बघू' हे उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे. म्हणून मागायला वेळेत निघायचं आणि नकार मनाला लावून घ्यायचा नाही.

२. वरचे १९५ मीटर आले कुठून?

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमधली पहिली मॅरेथॉन साधारण ४० किलोमीटरची होती. ती जिंकली स्पिरिडॉन लुईस या ग्रीक तरुणाने. त्याचा धंदा पाणी वाहून नेण्याचा. पुढे दर खेपेला अंतर थोडंफार बदलत राहिलं. १९०८ मध्ये लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. हे अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं.

पहिल्यांदा धावणाऱ्याला बेचाळीसची धास्ती असते. धावून आलेला मात्र त्या वरच्या १९५ मीटरांबद्दलच बोलत राहतो.

३. पदक गेलं, भट्टी पेटली

त्याच १९०८ च्या शर्यतीत डोरांडो पिएत्री हा इटालियन मिठाई-पाववाला सगळ्यांच्या पुढे स्टेडियममध्ये शिरला. अंगात त्राण नव्हतं. आधी उलट दिशेला वळला, मग पुन्हा पुन्हा कोसळला. अधिकाऱ्यांनी आधार देऊन त्याला रेषेपार नेलं आणि त्या आधारामुळेच तो बाद ठरला.

लोकांना ते पाहवलं नाही. राणी अलेक्झांड्राने त्याला खास कप दिला. 'डेली मेल'साठी शर्यत पाहायला शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल आले होते. पिएत्रीला गावी बेकरी काढता यावी म्हणून त्यांनी वर्गणीचं आवाहन केलं, आपले पाच पौंड आधी टाकले आणि बघता बघता सुमारे ३०० पौंड जमले. मैदानात मदत मिळाली म्हणून पदक गेलं, मैदानाबाहेर मदत मिळाली म्हणून भट्टी पेटली. बेचाळीस किलोमीटर आणि वर्गणी यांची गाठ अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

४. डेक्कन जिमखान्यावरून अँटवर्पला

आता आपल्या अंगणातली गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती भरल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. अनवाणी धावणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या पोरांचा दम पाहून ते थक्क झाले. ही मुलं ऑलिंपिकला गेली पाहिजेत, असं त्यांनी मनावर घेतलं. स्वतःच्या खिशात हात घातला, इतरांकडूनही पैसा उभा केला आणि १९२० मध्ये भारताचा चमू बेल्जियममधल्या अँटवर्पला निघाला.

त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघं मॅरेथॉनसाठी होते. त्या वर्षीचं अंतर ४२.७५ किलोमीटर होतं, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब मॅरेथॉन. चौगुले १९ वे आले, वेळ सुमारे २ तास ५१ मिनिटं. आज हौशी धावपटू तीन तासांच्या आत यायला वर्षानुवर्षं घाम गाळतात, हे लक्षात घेतलं की त्या एकोणिसाव्या क्रमांकाचं मोल कळतं.

२०१८ पासून मुंबई मॅरेथॉनच्या नावाआधी 'टाटा' लागतं. दोराबजींनी पुण्यात धरलेला धागा शंभर वर्षांनी मुंबईच्या रस्त्यावर आलेला पाहून मला फार बरं वाटतं.

५. एका पायाने १४३ दिवस

धर्मादाय धावण्याचा विषय निघाला की पहिला नमस्कार टेरी फॉक्सला. कॅनडाचा हा मुलगा. हाडाच्या कर्करोगाने अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. इस्पितळात शेजारच्या खाटांवरची लहान मुलं त्याने पाहिली आणि ठरवलं, संशोधनासाठी पैसा उभा करायचा, अख्खा देश धावत ओलांडायचा.

१२ एप्रिल १९८० ला त्याने कृत्रिम पाय अटलांटिक समुद्रात बुडवला आणि धावायला सुरुवात केली. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन! सुरुवातीला फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग गावंच्या गावं रस्त्यावर आली. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर छातीत कळा येऊ लागल्या. रोग फुप्फुसात उतरला होता. पुढच्या जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी तो गेला.

त्याचं मागणं साधं होतं: माणशी एक डॉलर. तेव्हा कॅनडाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ४० लाख होती. तो असतानाच, फेब्रुवारी १९८१ पर्यंत, निधी २ कोटी ४१ लाख डॉलरवर गेला. माणशी एक डॉलर त्याने खरा करून दाखवला. त्याच्या नावाची दौड पुढे देशोदेशी गेली, मुंबईतही भरली.

६. हातात हात घालून पहिला नंबर

२९ मार्च १९८१. पहिल्यावहिल्या लंडन मॅरेथॉनमध्ये अमेरिकेचा डिक बिअर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमोन्सेन शेवटपर्यंत बरोबरीने धावत होते. रेषा जवळ आली तेव्हा दोघांनी हात धरले आणि एकत्रच ती ओलांडली. दोघंही पहिले!

सुरुवातच अशी झाल्यावर पुढचं नवल नाही. लंडन मॅरेथॉन आज एका दिवसात होणाऱ्या निधी-उभारणीचा जगातला सर्वांत मोठा वार्षिक सोहळा मानली जाते. एकट्या २०२५ मध्ये तिथल्या धावपटूंनी ८ कोटी ७० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. १९८१ पासूनची बेरीज शंभर कोटी पौंडांच्या कधीच पलीकडे गेली आहे.

७. सर्वांत सावकाश, म्हणून सर्वांत मोठा

२००२ ची लंडन मॅरेथॉन लॉइड स्कॉट यांनी पुरी केली ती ५ दिवस ८ तास २९ मिनिटं ४६ सेकंदांत! कारण अंगावर खोल समुद्रातल्या पाणबुड्याचा जुना पोशाख होता: तांब्याचं शिरस्त्राण, शिशाचे बूट, वजन सुमारे ५९ किलो. स्कॉट आधी अग्निशमन दलात होते. रक्ताच्या कर्करोगातून ते अस्थिमज्जेच्या रोपणामुळे वाचले होते. तसंच जीवदान इतरांना मिळावं म्हणून ते पाच दिवस पाऊल-पाऊल चालत राहिले.

वेळ खराब आली म्हणून पहिल्या मॅरेथॉननंतर हिरमुसणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगावी. पैसे देणारा तुमचं घड्याळ बघत नाही.

८. सर्वांत म्हातारा, सर्वांत छोट्यांसाठी

जालंधरजवळच्या खेड्यातले फौजा सिंग. डोळ्यांदेखत मुलगा गेला, त्या दुःखातून बाहेर यायला ते धावू लागले. २००० मध्ये लंडनला पहिली मॅरेथॉन केली तेव्हा पासपोर्टप्रमाणे वय होतं ८९! आणि धावले कुणासाठी? दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी काम करणाऱ्या 'ब्लिस' या संस्थेसाठी. सर्वांत वयस्क माणूस सर्वांत लहान माणसांसाठी.

२०११ मध्ये टोरोंटोला त्यांनी शंभराव्या वर्षी मॅरेथॉन पुरी केली. जन्माचा दाखला नसल्याने गिनेसच्या पुस्तकात ती चढली नाही. लोकांच्या मनात चढायला दाखला लागला नाही.

९. बापाचे पाय, लेकाची शर्यत

१९७७. अमेरिकेतला रिक हॉइट पंधरा वर्षांचा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, बोलणं संगणकाच्या मदतीने. अपघातात लुळ्या पडलेल्या एका खेळाडूसाठी आठ किलोमीटरची मदत-दौड आहे, हे कळल्यावर त्याने वडिलांना सांगितलं, मला भाग घ्यायचाय. डिक हॉइट काही धावपटू नव्हते. त्यांनी लेकाची खुर्ची ढकलत शर्यत पुरी केली. धावताना आपलं अपंगत्व नाहीसं झाल्यासारखं वाटलं, असं रिकने त्या रात्री सांगितलं आणि बापाला पुढच्या आयुष्याचं काम मिळालं. दोघांनी मिळून हजाराहून अधिक शर्यती केल्या. त्यांत बोस्टन मॅरेथॉन ३२ वेळा! बोस्टनच्या शर्यतीच्या आरंभरेषेजवळ आज बापलेकाचा पुतळा उभा आहे.

१०. बारामतीची नऊवारी

आपल्याकडच्या लताबाई करे. पती आजारी, मोठ्या तपासणीसाठी पैसे नाहीत. बारामतीत मॅरेथॉन आहे आणि बक्षिसाची रक्कम आहे, एवढं कानावर आलं. साठीच्या घरातल्या लताबाई नऊवारी नेसून, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्या आयुष्यावर 'लता भगवान करे' हा चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

ही गोष्ट ऐकून टाळ्या वाजवाव्यात, पण तेवढ्यावर थांबू नये. औषधपाण्यासाठी कुणा आजीला एकटीने धावावं लागू नये, म्हणून तर आपण शेकड्यांनी धावायचं.

११. शरीराची शाळा

पहिल्या मॅरेथॉनची तयारी साधारण सोळा ते वीस आठवड्यांची. त्यात शिकलेले धडे:

• दहा टक्क्यांचा नियम. या आठवड्यात २० किलोमीटर झाले, तर पुढच्या आठवड्यात फार तर २२. दम आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायूबंध महिने घेतात. बहुतेक दुखापती या घाईतून होतात.

• एकोणतीसचा पाढा. रविवारची लांब दौड इतक्या सावकाश करायची की बोलता आलं पाहिजे. मी पाढे म्हणत धावायचे. एकोणतीस साते दोनशे तीनपर्यंत श्वास न तुटता पोहोचले, तर वेग बरोबर. मध्येच अडखळले, तर पाय आवरायचे. (पाढाच विसरला तर तो दोष वेगाचा नव्हे!)

• पूर्ण अंतर आधी धावत नाहीत. सरावातली सर्वांत लांब दौड ३० ते ३२ किलोमीटरची. उरलेले दहा त्या दिवसासाठी राखून ठेवायचे.

• शेवटचे दोन-तीन आठवडे कमी धावायचं. पाय शिवशिवतात, मन म्हणतं चल. जायचं नाही. सरावात झिजलेलं शरीर विश्रांतीत भरून येतं.

• बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाऊल थोडं सुजतं, धावतानाही सुजतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. नाहीतर नख काळं पडतं, आणि धावणाऱ्यांमध्ये ते बिल्ल्यासारखं मिरवतात! एक जोडी साधारण ५०० ते ८०० किलोमीटर साथ देते. शर्यतीच्या दिवशी नवा बूट, नवा मोजा, नवा पदार्थ, काहीच नवं नको.

• चाळीस हजार पावलं. एका मॅरेथॉनमध्ये साधारण इतकी पावलं पडतात, आणि प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. साठ किलोच्या बाईच्या पायावर दर पावलाला सव्वाशे ते पावणेदोनशे किलो. गुडघ्यांचे आभार माना, मांड्यांचा व्यायाम चुकवू नका.

• वरण-भाताचा मान. आदल्या दोन दिवसांत भात, बटाटा, पोळी, केळी. पिष्टमय अन्नाची साखर स्नायूंत आणि यकृतात साठते. तेलकट, मसालेदार टाळायचं.

• पाणीही जास्त होतं. भीतीपोटी घटाघट साधं पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्यायचं, आणि मीठ-साखर-लिंबू विसरायचं नाही.

आणि भिंत. स्नायू आणि यकृत मिळून सुमारे दोन हजार कॅलरी पुरेल इतकी साखर साठवतात. किलोमीटरला, दर किलो वजनामागे, साधारण एक कॅलरी खर्च होते. साठ किलोच्या माणसाचा हिशोब तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला संपतो. पाय शिशाचे होतात, डोकं चालेनासं होतं, रडू येतं.

ही भिंत पहिल्यांदा माझ्या अंगावर आली ती डिसेंबरातल्या एका सरावात. पदपथावर बसून मी खजूर खाल्ला. दहा मिनिटांत जग पुन्हा जागेवर आलं. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला: मला पाच महिन्यांत एकदा लागलेली ही भिंत रात्रशाळेतल्या मुलाला रोज संध्याकाळी सातला लागते, बीजगणिताच्या तासाला. त्याला हवा असतो तो एक खजूर, एक केळं, वाटीभर उसळ. त्या दिवसानंतर पैसे मागताना माझी जीभ कधी अडखळली नाही.

१२. मागण्याची तालीम

पळण्यापेक्षा मागणं अवघड, हे प्रत्येक नवखा कबूल करतो. पण त्याचंही शास्त्र आहे. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डर शफीर या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की, मदतीसाठी कष्ट उपसावे लागणार असतील तर लोक अधिक द्यायला तयार होतात. सहल-भोजनासारख्या सुखाच्या कार्यक्रमापेक्षा दमवणाऱ्या दौडीसाठी हात सैल सुटतो. आपल्या श्रमदानाच्या परंपरेला हे आधीच ठाऊक होतं. एकाने कुदळ उचलली की दुसऱ्याला नुसतं उभं राहवत नाही.

मला उपयोगी पडलेल्या चार गोष्टी:

• दिवसाला पाच जणांनाच विचारायचं, पण नाव घेऊन. दोनशे जणांना एकच संदेश धाडला, तर प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल.

• पैशाचं काय होणार ते वस्तूत सांगायचं. 'शिक्षणासाठी मदत' म्हटलं की माणूस मान हलवतो. 'संध्याकाळी सातला एक केळं आणि उसळ' म्हटलं की पाकीट काढतो.

• फूल ना फुलाची पाकळी. ५१ रुपये देणाऱ्यालाही ५,००१ देणाऱ्याइतकंच मनापासून धन्यवादाचं पत्र.

• संस्थेची नोंदणी आणि '८०जी'चं प्रमाणपत्र आधी पाहायचं. जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला त्यावर वजावट मिळते. रोख मात्र दोन हजारांपर्यंतच चालते. पावती वेळेत पोहोचवणं हा धावण्याइतकाच कसून करायचा सराव.

आमच्या तळमजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्याकडे मी संकोचत गेले. त्या शेंगा सोलत होत्या.

"म्हणजे पळणार तू, आणि पैसे मी द्यायचे?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं, किती पळायचंय?"

"बेचाळीस किलोमीटर, आजी."

"मग किलोमीटरला अकरा रुपये धर. किती झाले?"

"चारशे बासष्ट."

"आणि बेचाळीसच ना नक्की? वर काही?"

"वर एकशे पंचाण्णव मीटर."

"अगं, मग ते काय फुकट पळणार होतीस? पाचशे एक लिही."

१३. मुंबईचा तो रविवार

२००४ मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पहाटे अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरून लोंढा सुटतो. 'युनायटेड वे मुंबई' ही संस्था निधीचं काम सांभाळते. शेकडो सामाजिक संस्था तिच्यामार्फत जोडल्या जातात आणि आजवर शेकडो कोटी रुपये इथून उभे राहिले आहेत. निधी उभारणाऱ्यांसाठी राखीव 'चॅरिटी बिब'ही असतात.

• समुद्रावरून पायी. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला, पण पायी चालणाऱ्यांना तिथे एरवी बंदी. तो पायांखाली येतो तो मॅरेथॉनच्या दिवशी. डावी-उजवीकडे नुसतं पाणी आणि कानात हजारो पावलांचा आवाज!

• ड्रीम रन. सुमारे सहा किलोमीटरची ही दौड म्हणजे चालती-बोलती जत्रा. कुणी झाड होऊन येतो, कुणी हातात पाणी वाचवण्याचा फलक घेऊन. ज्येष्ठ नागरिकांची आणि दिव्यांगांची वेगळी दौडही याच सकाळी असते.

• माणदेशी पाय. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर हिने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं भारतीय महिलांमध्ये ही शर्यत जिंकली, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली.

• पेडर रोडची चढण. जाताना ती जाणवतही नाही. परतताना, तिशी उलटून गेल्यावर, तोच चढ डोंगर होतो. पण त्याच चढावर मुंबई सर्वांत मोठ्या मनाने उभी असते. इमारतींतल्या बायका-मुलं टेबलं मांडून संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा पुढे करतात. मला तिथे एका चिमुरडीने फोड दिली. ती तिच्या तळहातावर इतका वेळ होती की कोमट झाली होती. तशी गोड फोड मी पुन्हा खाल्ली नाही. वारीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या पायांना तेल लावणारे हात आठवले. ज्याला चालणं जमत नाही, तो चालणाऱ्याला जपतो, आणि वाट दोघांची होते.

१४. जाता जाता

• जपानचे शिझो कानाकुरी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये उन्हाने बेजार होऊन वाटेतच थांबले. १९६७ मध्ये स्वीडनने त्यांना बोलावून ती शर्यत पुरी करायला लावली. वेळ: ५४ वर्षं ८ महिने ६ दिवस आणि वर साडेपाच तास!

• इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० ची रोम ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली.

• १९७८ मध्ये जालंधरला शिवनाथ सिंग २ तास १२ मिनिटांत धावले. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला.

• २०२३ मध्ये शिकागोत केनियाच्या केल्विन किप्टमने २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली. त्याच वेळात नवखे धावपटू निम्म्या वाटेवर पाणी शोधत असतात, आणि त्यांचं कौतुक मला तितकंच आहे.

१५. मनगटावरची पट्टी

आदल्या रात्री मी कागदाच्या एका अरुंद पट्टीवर बेचाळीस नावं लिहिली, किलोमीटरला एक. इस्त्रीवाले काका, शाळेतल्या बाई, भाऊ, ऑफिसातला शिपाई, भाजीवाल्या मावशी. पट्टी मनगटावर चिकटवली आणि वर प्लास्टिकची टेप.

विसाव्या किलोमीटरपर्यंत नावं वाचायची गरज पडली नाही. बत्तिसाव्याला भिंत आली, अगदी वेळेवर. तेव्हा लांब बघणं सोडून मी फक्त मनगट बघू लागले. हा किलोमीटर मावशींचा, तो टाकून चालणार नाही. हा काकांचा. घामाने शाई पसरत चालली होती, अक्षरं निळी-निळी झाली होती, पण कुणाचं नाव कुठे आहे ते बोटांना पाठ झालं होतं. दिलेल्या पैशांची सक्ती वाटली नाही. बेचाळीस माणसं बरोबर पळताहेत असं वाटलं. पहिली मॅरेथॉन धावायची असेल तर कुणासाठी तरी धावा, असं मी प्रत्येकाला सांगते ते यासाठी. आपल्यासाठी धावणारा तिसाव्याला थांबू शकतो. दुसऱ्याचं देणं घेऊन निघालेल्याचे पाय थांबत नाहीत.

दुसऱ्या दिवशी जिना उतरायला मला उलटं, कठड्याला धरून जावं लागलं. तशीच तळमजल्यावर गेले. आजींनी दार उघडलं, पदक हातात घेऊन पालथंसुलथं केलं, खुर्ची पुढे सरकवली.

"बेचाळीस झाले?"

"झाले, आजी."

"आणि वरचे एकशे पंचाण्णव?"

"तेही."

"मग दे पावती," त्या म्हणाल्या, "आणि पुढच्या वर्षीचे पैसे आत्ताच घेऊन जा."